निकालाची नक्कल
पेट्रोलचा वास आला की मला अलिबागची कचेरी आठवते आणि डोकं फिरतं. बहिणीला मोटारड्रायव्हरचं स्थळ आलं होतं. दारू पिऊन मोटार शेतात घातली म्हणून त्याच्यावर खटला झाल्याची कुजबुज होती, तेव्हा वडिलांनी मला निकालाची नक्कल आणायला पिटाळलं. म्हसळ्याचा कारकून म्हणाला, दप्तर अलिबागला गेलं. अलिबागच्या कारकुनाने सुपारी कातरत खटल्याचा नंबर मागितला. "नंबर ठाऊक असता तर इथे कशाला तडफडलो असतो?" मी ओरडलो. "मग म्हसळ्याला विचारा," तो शांतपणे म्हणाला. घामाने निथळत परतीच्या मोटारीत चढलो, तर चालवायला तोच नवरामुलगा! वैतागून त्यालाच विचारलं. "व्हय, ताडी प्यालो व्हतो. दंड भरला, तवापास्नं थेंब न्हाय," तो म्हणाला. "तुमच्या बहिणीला हरिहरेश्वरच्या जत्रेतच सांगितलंय." घरी येऊन बहिणीवर डाफरलो, "मग बोलली का नाहीस?" तांदूळ पाखडता पाखडता ती म्हणाली, "दादा, मला विचारलं कुणी?" आज त्या दोघांच्या नातीला स्थळ आलंय. घरचे चार गावं पालथी घालून चौकशी करून आले. नातीला अजून कुणी विचारलेलं नाही.