लोणी-लोणी मालिश

२००४ सालच्या हिवाळ्यात, एका रविवारी, निमोण्याच्या समाजमंदिरात हवाई बेटांवरच्या पारंपरिक मालिशचं प्रात्यक्षिक झालं. ते करणारी वैजयंती दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. काही वर्षं ती त्या बेटांवरच्या एका हॉटेलात नोकरीला होती. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईने तिला ही मालिश शिकवली. मी तिच्यासोबत दौंडहून सकाळच्या एसटीने निघालो.

पारगावच्या पुलावर भीमा ओलांडली. दोन्हीकडे ऊस होता. न्हावऱ्याला गाडी पंक्चर झाली, तेव्हा भजी खाल्ली. पुढे ऊस विरळ झाला आणि हुरड्याला आलेली ज्वारी दिसू लागली.

समाजमंदिराच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं, 'लोणी-लोणी मालिश'. मूळ शब्द 'लोमी-लोमी' (मळणे, चोळणे). गावात वैजयंतीचा फोन घेणाऱ्याने लोणी ऐकलं होतं. बायका लोण्याच्या वाट्या घेऊन आल्या होत्या. वैजयंतीने खोबरेलाची बाटली पिशवीत ठेवली आणि लोणीच वापरलं. या मालिशमध्ये कोपरापासून मनगटापर्यंतचा हात लाटण्यासारखा पाठीवर फिरतो. सुरुवातीला ती डोळे मिटून मनात प्रार्थना करायची.

दुपारी सखाराम आबा वाकूनच आत आले. पूर्वी मेंढरं राखायचे, आता शेती करतात. त्यांना उसण (कमरेत अचानक भरणारी कळ) भरली होती. बायको हौसाबाई सोबत होत्या. वैजयंतीने बराच वेळ मालिश केली. खांदे सैल झाले, कंबर होईना.

तिने सांगितलं, त्या बेटांवर अंग मोकळं झालं नाही तर आधी घरातलं भांडण विचारतात. मग आबांना विचारलं, "कुणाशी बोलणं बंद आहे का तुमचं?"

हौसाबाई म्हणाल्या, "धाकल्या भावासंगं, ज्ञानूसंगं. त्यानं न इचारता मेंढरं इकली तवापास्नं. दोन घरांच्या मधी काट्याचं कुंपाण घातलंय ह्यांनी. आन् गावात पायाळू त्यो एकलाच."

पायाळू म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला. त्याचा पाय लागला की उसण जाते, असं इकडे मानतात. आबा त्याच्याकडे जायला तयार नव्हते, म्हणून इथे आले होते. ज्ञानूला बोलवू का, असं वैजयंतीने विचारलं. आबांच्या होकाराची वाट न बघता हौसाबाई त्याला आणायला गेल्या.

ज्ञानू आला तो दारातच थांबला. थोरल्या भावाला पाय लावायचा होता. त्याने चप्पल काढली.

"कंचा पाय, दादा?"

"डावा. आई सांगून गेली हुती, तेबी इकलंस का?"

बायका हसल्या. ज्ञानूही हसला. त्याने डावा पाय पालथ्या पडलेल्या आबांच्या कमरेला हलकेच टेकवला, मग खाली वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. उठताना आबांनी ज्ञानूचा खांदा धरला.

आमचं जेवण ज्ञानूच्या घरी झालं. बाजरीची भाकरी, शेंगोळी (हुलग्याच्या पिठाची कालवणातली वळी) आणि उरलेलं लोणी. आबा शेवटी आले. कुंपणाला वळसा घालून यावं लागलं, म्हणून कुरकुरत बसले. संध्याकाळच्या गाडीने आम्ही दौंडला परतलो.

पुढच्या आठवड्यात वैजयंती पुन्हा निमोण्याला गेली होती. तिने फोनवर सांगितलं की आबांची कंबर अजून थोडी धरलेली आहे. ज्ञानू कुंपण काढत होता आणि कुठला काटा कुठे टाकायचा, ते आबा उभे राहून सांगत होते.