कमरेचा धोंडा

शाळेत आलेल्या एका जुन्या मासिकात मी पाणबुड्यांचं चित्र पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. पाठीवर हवेची टाकी, भोवती प्रवाळ, त्यात बोटाएवढे रंगीत मासे. संगमनेरपासून समुद्र कुठल्या कुठे! पण आमच्या मळ्यात विहीर होतीच की. बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. विहिरीला भरपूर पाणी होतं. मी पंधरा वर्षांची, कुणाचं ऐकेन तर शपथ.

अडचण एकच. बुडी मारली की पाणी मला लगेच वर ढकलायचं. मी थोरल्या भावाच्या मागेच लागले, "दादा, माझ्या कमरेला धोंडा बांध. तळ बघून झाला की मी सोडीन."

"येडी हाय का गं तू?" म्हणाला, पण बांधला. अंबाडीच्या दोरीनं. मी गाठीकडे बघितलंही नाही, सगळं ध्यान पाण्याकडे.

ऊन थेट तळापर्यंत पोचलं होतं. कपारीत चिमुकले खेकडे, शेवाळावर गोगलगाई, आणि आरपार दिसणारे झिंगे. त्यांच्या पोटातला काळा ठिपकासुद्धा दिसत होता. एक मासोळी माझ्या अंगठ्याला टोचून गेली. अगं बाई, काय सुख झालं मला!

दम संपत आला तशी मी गाठीला हात घातला. ओढली की सुटणारी सुरगाठ नव्हती ती, निरगाठ होती. मला पोहायला शिकवताना दादा पाठीला सुका भोपळा बांधायचा, आणि तो सुटू नये म्हणून आवळून निरगाठ मारायचा. हाताला तेच वळण. त्यात भिजलेली अंबाडी आणखी आवळली. नखं तुटली, गाठ हलेना. कपारीला धरून वर चढायला गेले तर हात शेवाळावरून निसटले. मी भयंकर घाबरले. छाती फुटायला आली आणि मनात एकच आलं: मला बाहेर काढतील तेव्हा कमरेला दादाची गाठ असेल. मग तो कसा जगेल?

पुढचं आठवतं ते एवढंच, की पाण्यात दादा होता आणि त्याच्या हातात विळा होता. दोरीबरोबर माझी कातडीही कापली.

पायरीवर पालथं घालून त्यानं पाठीत दणके घातले, पोटातलं पाणी काढलं. मग तुटकी दोरी धरून ओरडला, "अशी गाठ मारत्यात व्हय? कुनी मारली ही?"

त्याला खरंच आठवत नव्हतं.

"मीच," मी म्हणाले. "तू बांधलेली सैल वाटली म्हणून."

त्यानं खाडकन मुस्काटात ठेवून दिली. ती मी गुमान खाल्ली.