रक्तासारखं

तपासाला जाणाऱ्या पोलिसांना रक्ताचे डाग शोधायला आणि जपायला शिकवणाऱ्या बाईंचं नाव डागबाई पडलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं. "अंगावर सोन्याचा एक डाग नाही आणि नाव बघा," असं त्या स्वतःच म्हणत.

खाटकाकडून आणलेलं बकऱ्याचं रक्त त्या सकाळीच सरावाच्या खोलीत शिंपडून ठेवत. पलंगाच्या पायाशी, नळाखाली, दाराच्या कडीवर. कुणी ओला कपडा प्लॅस्टिकमध्ये कोंबला की ओरडत, "कुजवायचाय का? सावलीत वाळव, कागदात गुंडाळ!" पाकिटावर कुणी 'रक्ताचा डाग' लिहिलं की खोडायला लावत. प्रयोगशाळेचं उत्तर येईपर्यंत तो 'रक्तासारखा डाग'.

त्या दिवशी एका शिपाई मुलीने खिडकीच्या कठड्यावरचे थेंब पाहिले आणि हातरुमालाने चक्क पुसून टाकले.

"पुरावा साफ! आता भांडीपण घास," मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग खो खो हसला. मुलगी स्वतःच्याच हाताकडे बघत राहिली.

सगळे गेल्यावर डागबाई तिच्याजवळ बसल्या. "सवयीचा हात आहे हा. घरी कोण आजारी आहे?"

"आई. खोकताना उशीवर पडतं. कुणी बघायच्या आत मी पुसते."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"दवाखान्यात येतच नाही ती. म्हणते, रक्त कुठंय, रक्तासारखं आहे. तुम्हीपण तसंच लिहायला लावता की."

डागबाईंनी खिडकीकडे पाहिलं. कठड्यावर पुसल्याची फिकट रेघ वाळत होती.

"अगं पोरी, तसं लिहितो ते तपासायला पाठवायचं म्हणून. डोळे मिटायला नाही."

"आणि खरंच काही निघालं तर?"

"तर इलाज होईल. पुसून टाकलेल्याचा कोण करणार?"

दुसऱ्या दिवशी डागबाईंनी वर्ग दुपारवर ढकलला. आईला कसंबसं राजी करून तिघी दवाखान्याच्या बाकावर बसल्या. आईला ढास लागली. तोंडाशी नेलेला रुमाल ती मुठीत चुरगळू लागली, तशी मुलीने हलकेच तिची मूठ उघडली.

"राहू दे, आई. दाखवायचाय."

"मेलीला लाज नाही," आई डागबाईंकडे वळली. "हेच शिकवता होय?"

"हेच," डागबाई म्हणाल्या आणि पर्समधून कागदी पाकीट काढून पुढे केलं.

आतून पुकारा झाला. आईने पाकीट घेतलं नाही. रुमाल उघडाच हातात धरून ती उठली.