सुकलालने ठोकलेलं छत

आधीच सांगून टाकतो — मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. इथले तुम्हा लोकांचे अनुभव मी दोन वर्षं गुपचूप वाचतोय आणि खोटं कशाला बोलू, बऱ्याचदा हसतोही. पांढरी साडी, पिंपळाचं झाड, सुनसान रस्ता... अहो, एकतीस वर्षं मी जमिनीखाली कोळशाच्या खाणीत काढली. तिथे अंधाराला घाबरून चालत नाही. खाणीच्या तोंडाशी देवीचं छोटंसं देऊळ असतं, आत उतरताना जो तो हात जोडतो. मी जोडायचो नाही. "देवीपेक्षा हेल्मेट नीट घाला," असं वर ऐकवायचोही. फार शहाणा होतो मी.

पण या फेब्रुवारीत जे घडलं ते माझ्याच घरात घडलं, भर दुपारी दोन वाजता, आणि ऐकणारा मी एकटा नव्हतो. ते सांगायचं तर आधी एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. ती कुठेच सांगायची नाही असं मी ठरवलं होतं. लाज वाटते, म्हणून.

माझं आडनाव महाजन. राहणार बुऱ्हाणपूर, लालबाग. वडील नेपानगरला कागद कारखान्यात होते, रिटायर झाल्यावर त्यांनी लालबागला हे स्लॅबचं घर बांधलं. मी नोकरीला छिंदवाड्याकडे गेलो. खाणीचं नाव लिहीत नाही. तिथे मी ओव्हरमन होतो. म्हणजे माझ्या शिफ्टमधली माणसं जशी खाली उतरली तशी धड वर येतात की नाही, हे बघायची जबाबदारी माझी.

सुकलाल माझ्या शिफ्टमध्ये ड्रेसर होता. सुरुंग उडवून कोळसा पाडला की वरचं छत मोकळं होतं. त्याला कुठे चीर गेली आहे का, कुठला थर सुटला आहे का, हे आधी बघावं लागतं. ते ड्रेसरचं काम. एका हातात सब्बल, म्हणजे आपली पहार, आणि दुसऱ्या हाताचा तळवा छताला लावलेला. ठोकायचं आणि ऐकायचं. पक्कं छत टण्ण वाजतं. सुटलेलं भद्द वाजतं आणि तळव्याला थरथर लागते. तिकडे छताला 'चाल' म्हणतात. "चाल बोलती है," असं सुकलाल म्हणायचा. त्याची ठोकायची एक पद्धत होती — दोनदा हलकं, एकदा जोरात, मग थांबायचं. टक टक... टण्ण. पाच-सहा जण एकदम ठोकत असले तरी यातला सुकलाल कोणता, हे डोळे मिटून सांगता यायचं. त्याने ठोकलेल्या छताखाली माणसं डबा उघडून बसायची.

तो आमच्याच जिल्ह्यातला, खकनारकडच्या डोईफोडियाचा. म्हणून माझा त्याच्यावर जरा जास्त हक्क. गावाकडचा माणूस हक्काचा असतो ना, कुठेही ढकलायला...

त्या दिवशी सुरुंगाचा धूर निवळला आणि सुकलालने छत ठोकलं. पुढच्या भागात भद्द आवाज आला. मी त्याच्यापासून दहा पावलांवर होतो. तो आला आणि म्हणाला, "साब, चाल भद्द बोल रही है. खूँटे लगवा दो, फिर किसी को भेजो."

आधाराचे खुंट मागे अडकले होते. कोळसा भरायचं मशीन रिकामं उभं होतं आणि वरून दोनदा फोन येऊन गेला होता. मी म्हणालो, "खुंट येतच आहेत. तोवर पुढे पडलेली मशीनची केबल तेवढी बाजूला घे. दोन मिनिटांचं काम आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणाला नाही. मी साहेब होतो ना.

दोन मिनिटंही लागली नाहीत. दगड त्याच्या कमरेवर आणि उजव्या पायावर आला. पाय मांडीपासून काढावा लागला. तो नागपूरला दवाखान्यात असतानाच चौकशी बसली. मला कुणी खोटं लिहा म्हणालं नाही. एवढंच म्हणाले, "महाजन, नीट आठवून लिहा." आणि मी नीट आठवून लिहिलं, की कामगाराने छत न ठोकता, परवानगी न घेता, आधार नसलेल्या भागात प्रवेश केला. खाली सही केली. मशीनच्या आवाजात आमचं बोलणं तिसऱ्या कुणी ऐकलं नव्हतं. सुकलालने बयानात खरं सांगितलं, पण साहेबाच्या कागदापुढे अंगठ्याला कोण विचारतो? त्याच्याच चुकीने झालं, असं ठरलं.

ज्या माणसाचं सगळं आयुष्य छत ठोकण्यात गेलं, त्याने छत ठोकलं नाही असं मी लिहून दिलं. त्यानंतर तीन वर्षं नोकरी केली, हारतुरे घेऊन रिटायर झालो आणि लालबागला येऊन राहिलो. सुकलाल इथून दीड-दोन तासांवर आहे. एकदाही गेलो नाही.

आता फेब्रुवारीचं. माझी मुलगी पूर्वा पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. मुलगी झाली. मधल्या खोलीत छताला कडी आहे, वडिलांनी खास पाळण्यासाठी बसवून घेतलेली. पूर्वाही त्याच कडीला झुलली. दवाखान्यातून घरी आल्याच्या दिवशी पाळणा टांगला आणि त्याच दुपारी दोन वाजता वर आवाज आला.

टक टक... टण्ण.

आवाज बाहेरच्या ओट्यावरच्या छतातून आला. मी पेपर वाचत होतो. बायको, शैला, आतून म्हणाली, "अहो, वर कोन आहे बघा ना जरा."

मी गच्चीवर गेलो. वाळत घातलेली दुपटी, दोन कबुतरं. वर दुसरा मजला नाही, गच्चीला लागून कुणाची भिंत नाही. खाली येऊन म्हणालो, "पाइप असेल. उन्हाने वाजतो."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. दोनदा हलकं, एकदा जोरात. पण ओळखलं म्हटलं तर नाव घ्यावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी दोनलाच, बैठकीच्या दाराच्या वरच्या छतात. तिसऱ्या दिवशी बैठकीच्या मधोमध. शैलाने ऐकलं, पूर्वाने ऐकलं, दूध द्यायला आलेल्या बाईनेसुद्धा मान वर करून पाहिलं. पूर्वा म्हणाली, "पप्पा, माकड तो नहीं है ना? बाळ दचकतं."

माकड नव्हतंच. ड्रेसर नेहमी पक्क्या छताखाली उभा राहून पुढचं ठोकतो आणि मग एकेक पाऊल पुढे सरकतो. आवाज तसाच सरकत होता. आणि मला हेही कळत होतं की तो चाललाय कुठे. तरी मी गप्प. दुपारी दोनला मी चपला घालून बाहेर पडायला लागलो. नातीला त्या पाळण्याच्या खोलीत ठेवून स्वतः मात्र चहाच्या टपरीवर जाऊन बसायचो. हे लिहिताना मान वर होत नाही.

बारसं रविवारी होतं. व्याही मंडळी जळगावहून आली. चुलत्याकडून दराब्याच्या मिठाईचे डबे, घुगऱ्यांचं पातेलं, घर माणसांनी भरलेलं. मुहूर्त टळत टळत दोन वाजायला आले. मधल्या खोलीत पाळण्याभोवती पंधरा-वीस बायका, बाळ पाळण्यात. मी दारात उभा. त्या दिवशी बाहेर पळता आलं नाही.

टक टक... भद्द.

बरोबर कडीच्या वर. टण्ण नाही, भद्द.  बायकांच्या गलबल्यात फार कुणाचं लक्ष गेलं नाही. आणि मी काय विचार केला असेल? मी विचार केला — दहा मिनिटांत नाव ठेवून होईल. मग बघू. पाहुण्यांसमोर कशाला तमाशा...

दोन मिनिटांचं काम आहे. तेच. फक्त दोनाची दहा झाली.

पुन्हा वाजलं. टक टक... भद्द. या वेळी थांबणं नाहीच, लगेच पुन्हा, आणि पुन्हा, कुणी घाईला आल्यासारखं. मी ओरडलो. काय ओरडलो ते मला नंतर कळलं. बायकांना ढकलत आत शिरलो, बाळ उचललं आणि सगळ्यांना बाहेर काढलं. अक्षरशः हात धरधरून. पूर्वा रडायला लागली. "पप्पा, ये क्या कर रहे हो? सब लोग बघून राहिले!" विहीणबाई पडल्या असत्या माझ्या धक्क्याने. दहा-बारा मिनिटं मी अंगणात नातीला छातीशी धरून उभा, सगळे माझ्याकडे वेड लागल्यासारखे बघतायत, शैला लाजेने लाल झालेली.

मग आतून आवाज आला. तो आवाज मी विसरलेलो नव्हतो.

कडीसकट स्लॅबचा भलामोठा पोपडा खाली आला होता. पाळण्याची लाकडं मोडून फरशीवर. वर गंजलेल्या सळया उघड्या. मिस्त्रीने नंतर सांगितलं, गच्चीतून पाणी मुरून सळया आतून फुगल्या होत्या, हे कधी ना कधी व्हायचंच होतं. ते ठीक आहे. त्याचं कारण समजतं.

पण व्याह्यांनी काय केलं, माझ्या पाठीवर थाप मारली. "व्वा महाजन साहेब! तीस वर्षांचा कान आहे हा, उगाच नाही!" सगळे माझं कौतुक करायला लागले. आणि मी म्हणालो, "हो, सवय असते आमची."

दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदा मी सुकलालचं ठोकणं पुसून टाकलं, हातात नात असताना.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर शैला समोर बसली. म्हणाली, "तुम्ही काय ओरडले ते माहीत आहे? 'ऐकलं रे सुकलाल, ऐकलं' असं ओरडले. तो पाय गेलेला ना? स्वतःच्या चुकीने?"

मी तिला सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.  ती म्हणाली, "मग माझ्याकडे काय बघून राहिले? डोईफोडियाला जा."

मंगळवारी गेलो. कवेलूचं, म्हणजे कौलारू घर, अंगणात खाट, खाटेवर सुकलाल. केस पांढरे झालेत. मला बघून उठायची धडपड केली, सवयीने. मी खांद्याला धरून बसवलं. त्याची बायको पाणी घेऊन आली आणि मी तोंड उघडायच्या आधीच तिचं गाऱ्हाणं सुरू झालं.

"साब, आपही समझाओ इनको. आठ-दस दिन से दोपहर में आँख लगी के लकड़ी उठाते थे और खाट की पाटी ठोकते थे. नींद में! टक टक, टक टक. इतवार को तो इतना ठोका के लकड़ी टूट गई."

"मग?" मी विचारलं. 

"फिर बंद. इतवार के बाद कुछ नहीं."

सुकलाल ओशाळून हसला. "सपना आता था साब. कोई पक्का मकान है, छत से पालना टँगा है. चाल खराब बोलती है. मैं चिल्लाता हूँ, हटो, हटो... कोई सुनता नहीं."

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो. पाळणा, कडी, बारसं, टपरीवर जाऊन बसणं, सगळं सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "बच्ची को लगा तो नहीं?"

नाही म्हणालो. मग मी रडलो आणि त्या कागदाबद्दल माफी मागितली. त्याने थोपवलं नाही, धीरही दिला नाही. संपेपर्यंत थांबला. मग म्हणाला, "पैर का जो हुआ सो हुआ. पर मेरा लड़का भी यही मानता है साब, के बाप ने चाल नहीं ठोकी. आपने लिख के दिया था ना? अब भी लिख के दो."

त्याचा मुलगा फोपनारला केळीच्या कटाईवर जातो. तो येईपर्यंत मी थांबलो. त्याच्यासमोर लिहिलं, सही केली, त्याच्याच हातात दिलं. त्याने बापाला मोठ्याने वाचून दाखवलं. एका ओळीपाशी सुकलाल म्हणाला, "ये वाली फिर से पढ़." मुलाने ती ओळ तीनदा वाचली. तिसऱ्यांदा त्याला नीट वाचता आलं नाही. माझ्याशी तो एक अक्षर बोलला नाही, आणि बरोबरच केलं.

तोच मजकूर खाणीच्या ऑफिसला रजिस्टरने पाठवला आहे. अजून उत्तर नाही. ओळखीच्या सगळ्यांना पाठवतोय, इथेही त्यासाठीच लिहितोय. व्याह्यांनाही फोन करून सांगितलं.

डोईफोडियातल्या खाटेवरचं ठोकणं लालबागच्या स्लॅबमध्ये कसं वाजलं, मला माहीत नाही. कुणाला एक्स्प्लनेशन सुचत असेल तर खाली जरूर लिहा, मी वाचेन. मला सुचत नाही. मला फक्त तीच ओळ लिहिता येते, जी मुलाने तीनदा वाचली —

सुकलालने छत ठोकलं होतं. त्याने मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.