जुहूच्या मिठाची बाटली

गेल्या पंधरा ऑगस्टला टीव्हीवर मिठाच्या सत्याग्रहावरचा एक जुना माहितीपट दाखवला. त्यात काचेच्या बाटलीतलं मीठ सुमारे सहा सेकंद दिसतं आणि निवेदक भारावलेल्या आवाजात सांगतो, की हे जुहूच्या समुद्राचं मीठ, पंचवीस वर्षं जसंच्या तसं. मुलं आदराने बघत होती. खरं काय ते मी इथे लिहितो.

ती बाटली माझ्या सासऱ्यांची, ज्यांना मी मामा म्हणे. एकोणीसशे तीस साली त्यांनी जुहूच्या किनाऱ्यावर कढईत समुद्राचं पाणी आटवलं, त्यातलं मूठभर मीठ पंच्याच्या टोकाला बांधून घरी पाठवलं आणि स्वतः तीन महिने तुरुंगात काढले. पुढे अंधेरीत आम्ही एकाच इमारतीत राहायला आलो. ते वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. बाटली देवांशेजारच्या कोनाड्यात असे. फक्त पावसाळ्यात सासूबाई ती तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवत आणि गणपतीच्या आदल्या दिवशी पुसून परत मांडत. मामांनी तिचं बूच कधी उघडलं नाही. तुरुंगाबद्दल ते फारसं बोलत नसत, पण पाहुण्याला बाटली दाखवून झाल्याशिवाय चहा मिळत नसे.

पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात जवळच्या स्टुडिओतले तिघे आले. चित्रगृहात मुख्य चित्रपटाआधी दाखवत तसला माहितीपट ते करत होते. दिग्दर्शकाने बाटली उजेडात धरली आणि मीठ किती कोरडं राहिलंय म्हणून कौतुक केलं. मग एक छापील कागद काढला. वस्तू मूळचीच आहे, अशी घरातल्या एका जाणत्या माणसाने खाली सही करायची होती.

"जावई करतील," मामा म्हणाले. "खोट्या कागदावर त्यांची सही मिळायची नाही. विमा कचेरीत आहेत ते."

हे खरं होतं, आणि तीच पंचाईत झाली. पेन काढताना सवयीने डोक्यात आकडे आले. आमच्या घरातलं मीठ जुलैत आठ दिवसांत पाझरायला लागतं. हे पंचवीस पावसाळे काढून खडखडीत. पाणी पिण्याचं निमित्त करून मी स्वयंपाकघरात गेलो. सासूबाई पोहे परतत होत्या. मी हळूच विचारलं, तर हात न थांबवता त्यांनी सांगितलं, की जुहूचं मीठ पहिल्याच पावसात पाणी झालं, मामा तुरुंगात होते तेव्हा.

"मग हे?"

"वाण्याचं. दर पावसाळ्यात नवं भरते." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे सुटून आले ना, तेव्हा पाय धुवायच्या आधी विचारलं, माझं मीठ आहे ना. काय सांगायचं होतं मी?"

म्हणजे एकूण पंचवीस भरण्या. त्यांतल्या पहिल्या सतरा इंग्रजांचा मिठावरचा कर चालू असतानाच्या, आणि तो कर वाण्याच्या भावात चोख भरलेला.

बाहेर मामांचं लक्ष माझ्या पेनाकडे होतं. सही केली तर माझा शब्द खोटा पडणार होता. नाकारली तर तीन परक्या माणसांसमोर कारण द्यावं लागणार होतं, आणि मग मामांकडे एक रिकामी बाटली उरली असती. मी म्हणालो, इतकी वर्षं सांभाळलंय सासूबाईंनी, तेव्हा सही त्यांचीच हवी. मामांना हे इतकं पटलं, की आपल्याला आधी कसं सुचलं नाही याची त्यांना लाज वाटली.

"अगं, इकडे ये," त्यांनी हाक मारली. "मी नुसतं आणलं. राखलंस तू."

सासूबाईंनी पदराला हात पुसले आणि ठसठशीत अक्षरात पूर्ण नाव लिहिलं. मामा त्या अक्षरांकडे बराच वेळ बघत राहिले.

मी सही वाचवली, याचा अभिमान मला गणपतीच्या आदल्या आठवड्यापर्यंत पुरला. त्या आठवड्यात एक दिवस सासूबाई जिना उतरून आमच्याकडे आल्या. मी पिशवी घेऊन निघालोच होतो.

"वाण्याकडे चाललात ना? पावशेर मीठ आणा," त्या म्हणाल्या. "जाड आणा. बारीक ह्यांच्या लक्षात येईल."

मामा त्यानंतर नऊ पावसाळे होते. नऊही वेळा मीठ मीच आणलं.