मागचो दिसल्याशिवाय फाटो सोडूचो नाय

किस्से मडगार्डखालच्या चिखलासारखे असतात. मुद्दाम कोणी जमवत नाही, गाडी चालली की आपोआप साठतात. धुवायला बसलं की कळतं, केवढे साठलेत! गेल्या पावसाळ्यात बस्त्यावकाका गेले, आणि आम्ही धुवायला बसलो.

आमचा ग्रुप सात गाड्यांचा. महिन्यातून एका रविवारी मालवणहून सकाळी निघायचं, हायवेला चाक लावायचं नाही, आडवाटेने फिरून संध्याकाळी घरी. सगळ्यात पुढे परुळेकर सर, सगळ्यात मागे बस्त्यावकाका. दोघेही एकाच हायस्कूलमधून रिटायर झालेले; सर विज्ञान शिकवायचे, काका प्रयोगशाळा सांभाळायचे. शाळेच्या सहलीतही हीच ऑर्डर असायची. सर पुढे, काका मागे, मध्ये पोरं.

मध्ये आता आम्ही.

*

पहिल्या राइडला सातजण निघालो आणि खारेपाटणला तिघेच पोचलो! बाकीचे चार कुठल्या कुठल्या वाडीत. सगळे सापडल्यावर चहाच्या टपरीवर काकांनी नियम सांगितला.

"मागचो दिसल्याशिवाय फाटो सोडूचो नाय. आणि हरवलास तर हलूचा नाय. आसा थंयच रवाचा. फुडलो परत येतलो."

रुपेश आमच्यातला हिरो. साडेतीनशे सीसीची गाडी, लेदर जॅकेट, मे महिन्यातसुद्धा! तो म्हणाला, "काका, मगे मोबाईल कित्याक आसा?"

"वर सड्यार, कातळार रेंज आसा?"

"नाय."

"रेंज नाय थंय माणूस उभो करूचो लागता!"

*

मी पुण्यात इंजिनिअरिंग करून गावी परत आलेला. जग सुधारलं पाहिजे आणि ते शक्यतो याच आठवड्यात, असं माझं मत. प्रत्येक फाट्यावर गाडी बंद करून मागे बघत उभं राहणं म्हणजे मला शिक्षा वाटायची. त्यात माझा नंबर सहावा, म्हणजे वाट बघायची ती काकांचीच. त्यांची शंभर सीसीची जुनी गाडी चाळीसच्या वर जायची नाही.

एकदा मी हिशेबच मांडला. "काका, आपलो ॲव्हरेज तासाक अठरा किलोमीटर आसा! ह्येच्यापेक्षा सायकल बरी!"

काका शांतपणे म्हणाले, "मगे फुडल्या वेळाक सायकल घी, बाबू. मी मागसूनच येतंय."

*

रुपेशच्या गाडीच्या साइडस्टँडची स्प्रिंग तुटली. स्टँड रस्त्याला घासत ठिणग्या उडवत चाललेला. काकांनी डब्यातून जुन्या ट्यूबची पट्टी काढली आणि दोन मिनिटांत बांधून दिली.

रुपेश नाराज. एवढी महागडी गाडी, आणि तिला ट्यूब! "काका, ह्या किती दिस टिकात?"

"तुझ्या लगनापर्यंत."

आम्ही सगळे हसलो. रुपेश तेव्हा चौतीसचा होता. आज छत्तीसचा आहे. पट्टी अजून आहे. शोरूमवाला बदलून देतो म्हणाला, तर रुपेश त्याच्या अंगावर धावून गेला!

*

वालावलला गेलो की आम्ही लक्ष्मीनारायणाच्या देवळात जायचो आणि काका बाहेर तळ्याकाठी आमची हेल्मेटं सांभाळत बसायचे. आम्ही बाहेर आलो की सरांना विचारायचे, "माज्याबद्दल देवाक काय सांगितलंस?"

सरांचं उत्तर ठरलेलं. "सांगितलंय, मागसून येता!"

*

हा किस्सा मला सांगायचा नाही. पण हा वगळला तर बाकीचे सगळे खोटे.

जामसंड्याच्या अलीकडे एक फाटा आहे. एक रस्ता गावात जातो, दुसरा खाली समुद्राकडे. भर दुपार, पोटात भूक. मी फाट्यावर पाच मिनिटं थांबलो. काका दिसेनात. 'इतक्या वेळा आलेत, येतील की!' असं म्हणून मी गाडी काढली.

जेवणाच्या टेबलावर मी सगळ्यांना सांगितलं, "इले, मागेच आसत." हे मी सांगितलं! ताट वाढलं, ताट निवलं, काका येईनात. मग मी उठलो.

ते खाली समुद्राच्या रस्त्यावर सुरूच्या झाडाखाली हेल्मेटवर बसले होते. अडीच तास. ओठ सुकलेले.

"काका, तुमी परत कित्याक नाय इल्यात?"

"हरवल्यार हलूचा नाय. मीच सांगितलंय मा?" मग हसले. "तू येतलंस, ह्या माका म्हायत होता."

त्यांना गाडीला किक मारता येईना. तीनदा पाय घसरला. मी मारून दिली. मला वाटलं, उन्हामुळे.

गोव्याच्या हॉस्पिटलात त्याआधीच दोनदा जाऊन आले होते, हे नंतर कळलं. त्या दिवशी वाटेत उलटी झाली म्हणून थांबले होते, आणि फाट्यावर कोणी दिसलं नाही म्हणून भोवळीतच खालच्या रस्त्याला लागले. आणखी पाच मिनिटं थांबलो असतो तर ते मला दिसले असते.

*

हॉस्पिटलात मी सगळं भाषण तयार करून गेलो होतो. खाटेवर काका निम्मे झालेले. फिलूकाकी उशाशी पेज भरवत होत्या. माझं भाषण पहिल्याच वाक्यात अडकलं.

"काका, माका थांबाक होया होता."

काकांनी पेजेचा चमचा हाताने बाजूला केला. "फुडल्या वेळाक थांब," म्हणाले, आणि परत तोंड उघडलं.

*

शववाहिका चर्चकडे निघाली तेव्हा मागे आमच्या सहा गाड्या. हेडलाइट लावलेले. रुपेश माझ्या बाजूला येऊन म्हणाला, "काका आज पयल्यांदा फुडे, रे."

ॲव्हरेज अठरासुद्धा नव्हता. कोणी तक्रार केली नाही.

*

त्यानंतर राइड बंदच पडली असती. फिलूकाकींनीच सरांना झापलं, "घरात बसान काय करतास? जावा!" म्हणून परवाच्या रविवारी निघालो. वालावल. सर पुढे, सगळ्यात मागे मी.

नेरूरच्या पुढे वालावलचा फाटा आला. मी गाडी बाजूला घेतली, बंद केली आणि मागे बघत उभा राहिलो.

मी दिसेना म्हणून माझ्या पुढचा रुपेश पुढच्या वळणावर थांबला. रुपेश दिसेना म्हणून त्याच्या पुढचा. असं करत करत सहाच्या सहा गाड्या अर्ध्या रस्त्यावर उभ्या!

पाऊण तासाने रुपेश परत आला. "काय रे मेल्या, पंक्चर?"

"नाय."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग मागच्या रिकाम्या रस्त्याकडे. त्याने साइडस्टँड लावला. एकेक करत बाकीचे आले. सगळ्यात शेवटी सर. ते देवळाच्या अलीकडच्या वळणापर्यंत पोचले होते.

सरांनी हेल्मेटची काच वर केली.

"इलो नाय अजून?"

"नाय, सर."

सरांनी गाडी बंद केली, स्टँडवर चढवली आणि हेल्मेट काढून आरशाला अडकवलं.

"थांबू या मगे," म्हणाले.