चिखल्याच्या गळ्याची काळी पायपिंग

डोंबिवलीत माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, पायपिंग. सव्वीस वर्षं झाली. गिऱ्हाईक म्हणालं, "मरून द्या", की मी आधी विचारते, "कुठला मरून?" कारण माझ्याकडे मरूनच्या नऊ शेड आहेत. त्यातल्या दोन कंपनी कित्येक वर्षं एकाच नंबराखाली पाठवत होती, मग एका दिवाळीला शेडकार्डावर अचानक वेगळ्या केल्या. मला त्या आधीपासूनच वेगळ्या दिसत होत्या. म्हणून शास्त्रज्ञ लोक पक्ष्याच्या एका जातीच्या दोन जाती करतात आणि आमच्या पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपवर चिडचिड सुरू होते, तेव्हा मला हसू येतं.

पक्षी बघायला लागले ते गुडघ्यांमुळे. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. मी खाडीच्या अंगाला चालायला लागले आणि तिथे इतके रंग मोकळे हिंडताना बघून वेडीच झाले. पण नावं कुठे येत होती! पुस्तक आणलं तर त्यात निम्मे पक्षी ब्राऊन. अहो, ब्राऊन म्हणजे काय? आमसुली, विटकरी, बदामी, चॉकलेटी, काय ते धड सांगा ना! शेवटी मी माझी पद्धत काढली. पक्षी डोळ्यांत तेल घालून बघायचा, दुकानात येऊन रंग ताग्यांशी ताडायचा आणि त्या शेडची नखाएवढी चिंधी वहीत चिकटवायची. खंड्याला पाठीला निळी, डोक्याला चॉकलेटी, गळ्याला पांढरी. त्या वहीवरून मी अनोळखी पक्षी घरी बसून ओळखायला लागले, आणि बहुतेक वेळा बरोबर.

मग ठाण्याच्या एका ग्रुपमध्ये गेले. तिथे सर होते. कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, फार अभ्यासू. पक्ष्यांच्या नोंदी आम्ही फोनवरच्या एका ॲपमध्ये टाकतो आणि आमच्या भागातल्या शंकास्पद नोंदी तपासायचं काम त्यांच्याकडे आहे. ते हो म्हणाले तर तुमचा पक्षी खरा. माझ्या वहीला ते "ताईंचं शिवणकाम" म्हणायचे. मीही हसायचे, पण आतून बोचायचं.

सहा-सात वर्षांपूर्वी एप्रिल संपता संपता आम्ही ठाण्याच्या खाडीवर गेलेलो. चिखलावर चिखल्यांचा मोठा थवा होता. चिखल्या म्हणजे मुठीएवढा पक्षी, थंडीभर मातकट असतो आणि उत्तरेकडे परतायच्या आधी छातीवर विटकरी रंग चढतो. सर मोजणीसाठी थव्याचे फोटो काढत होते. मी दुर्बिणीतून एकेक छाती बघत होते, आणि एकापाशी थांबले.

"सर, त्या मोडक्या होडीच्या डावीकडचा बघा. पांढऱ्या गळ्याखाली काळी पायपिंग आहे."

"काळी काय?"

"पायपिंग हो. ब्लाउजच्या गळ्याला लावतात ती. आणि कपाळावर दोन पांढरे ठिपके आहेत. बाकीच्यांचं कपाळ काळं आहे."

सगळे खो खो हसले. सर कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाले, "सावली असेल, ताई. आणि असली रेघ, तरी जात एकच. कशाला एवढा काथ्याकूट?" तेवढ्यात थवा उडाला. मी दुकानात येऊन पांढरी चिंधी लावली, खाली विटकरी लावली आणि दोन्हींच्या मध्ये काळा दोरा टाका घालून शिवला. खाली लिहिलं, 'मोडक्या होडीच्या डावीकडे. सावली नाही.'

चार-पाच वर्षांनी एका सकाळी ॲपने आपणहून माझी यादी बदलली. बघते तर काय, शास्त्रज्ञांनी त्या चिखल्याचे दोन केलेले, तिबेटी आणि सायबेरियन. आपल्याकडे येतो तो तिबेटी, म्हणून चिखल्याच्या सगळ्या जुन्या नोंदी न विचारता तिबेटी करून टाकल्या होत्या. आणि सायबेरियन कसा ओळखायचा? कपाळ पांढरं, पांढऱ्या गळ्याखाली बारीक काळी रेघ! मी दुकानात एकटीच ओरडले, "अगं बाई!"

मोडक्या होडीजवळच्या त्या पक्ष्याची नोंद मी बदलून सायबेरियन केली. संध्याकाळी सरांचा एका शब्दाचा मेसेज आला, 'पुरावा?' मी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. उत्तर आलं, 'ताई, आपल्या खाडीवर हा पक्षी कधीच नोंदला गेलेला नाही. चिंधी हा पुरावा होत नाही.'

तळपायाची आग मस्तकात गेली. मग रडू आलं, खोटं कशाला सांगू? यादीत एक पक्षी कमी की जास्त, याचं मला काही नव्हतं. ज्या डोळ्यांवर इतकी वर्षं माझं घर चाललं, ते डोळे खोटे ठरत होते. मी ठरवलं, ही नोंद गेली तर वही बंद. चालायला जाईन, पण मान खाली घालून.

रात्रभर तेच डोक्यात. सकाळी एकदम आठवलं आणि थेट फोन लावला.

"सर, त्या दिवशी मोजणीसाठी तुम्ही थव्याचे फोटो काढलेले."

"अहो ताई, हजारो फोटो आहेत माझ्याकडे."

"असू देत. एका पीससाठी मी अख्खं कपाट खाली काढते. तुम्ही एक हार्ड डिस्क काढा. मोडक्या होडीच्या डावीकडे बघा."

आठ दिवस काही नाही. मी दुकानात सगळ्यांवर खेकसत होते. नवव्या दिवशी दुपारी, गुलबक्षी साडी घेतलेल्या एका बाईंना मी पीस दाखवत होते, तर पायरीवर सर उभे. हातात पाकीट. त्यांनी काउंटरवर एक मोठा केलेला फोटो ठेवला.

"चोच मोजली, पाय मोजले. तो सारखाच दिसणारा मोठा चिखल्या नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमची वही काढा."

"इथे नाही. ट्यूबलाइटखाली मी काही दाखवत नाही. उजेडात चला."

प्रत्येक गिऱ्हाइकाला मी असंच बाहेर नेते. सर पायरीवर आले. त्या बाईही साडी काखेत मारून मागोमाग आल्या, कारण समोर मॅचिंग चाललंय आणि आपण मत द्यायचं नाही, हे डोंबिवलीतल्या बाईला जमत नाही. मी वहीचं पान फोटोशेजारी धरलं. पांढरा गळा. काळी रेघ. खाली विटकरी. पक्षी मोडक्या होडीच्या डावीकडेच उभा होता.

बाईंनी डोळे बारीक केले. "काळा दोरा डिट्टो आहे हो. पण हा खालचा पीस एक शेड डार्क लागलाय तुमचा."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सर म्हणाले, "नाही हो. फोटोत रंग उडालाय. ताईंचा बरोबर आहे."

मला मोठ्याने हसू फुटलं. सर भर उन्हात उभं राहून फोनवर नोंद मान्य करत होते. खाडीवरचा पहिला सायबेरियन चिखल्या, माझ्या नावावर. मी वाकून बघितलं. पुराव्याच्या रकान्यात त्यांनी आधी वहीचं पान जोडलं होतं, आणि त्याच्याखाली स्वतःचा फोटो.